उड्डाणापूर्वीचीं पांच मिनिटें

विमानाचा अपघात म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर वादळ, धुकें अथवा डोंगराचा कडा उभा राहतो. परंतु विमानविद्येचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, कित्येक अपघातांचें बीज विमान जमिनीवर उभें असतांनाच पेरलें गेलेलें असतें.

टाटांच्या टपाल-विमानसेवेचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं झाला. त्या दिवशीं जे. आर. डी. टाटा 'पुस मॉथ' नांवाच्या एका इंजिनाच्या विमानांतून कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बेल्लारीवरून मद्रासला नेलें. अहमदाबादेस पेट्रोल आलें तें चार-चार गॅलनांच्या डब्यांतून, बैलगाडीनें! पावसाळ्यांत जुहूचें मैदान भरतीच्या पाण्याखालीं जाई. तेव्हां दोन विमानें, तीन वैमानिक आणि तीन मिस्त्री हा सारा संसार उचलून पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगानजीकच्या मैदानावर हलवावा लागे. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. वैमानिकाचा भरंवसा काय तो निघण्यापूर्वीं स्वतः पाहून घेतलेल्या गोष्टींवर.

या गोष्टी कोणत्या? पहिली पेट्रोलाची. पाणी पेट्रोलाहून जड. तें टांकीच्या तळाशीं बसतें आणि नळीवाटे इंजिनांत शिरलें कीं इंजिन बंद पडतें. म्हणून त्या काळीं पेट्रोल मऊ कमावलेल्या चामड्यांतून गाळून घेत. आजही लहान विमानाच्या टांकीच्या तळांतून थोडें पेट्रोल पारदर्शक भांड्यांत काढून पाहतात.

दुसरी गोष्ट ठिणगीची. अशा इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांस ठिणगी पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. उड्डाणापूर्वीं वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात हें पाहतो. फार उतरले तर तेथेंच थांबतो. १९३० सालीं आगाखान पारितोषिकाच्या चढाओढींत अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा इजिप्तमध्यें अबुकीर येथें प्लगांवांचून अडकून पडला. प्रतिस्पर्धी असलेल्या टाटांनीं जवळचे प्लग त्यास दिले, आणि पारितोषिक त्या मुलानेंच जिंकलें. टाटांचें औदार्य सर्वश्रुत आहे. पण प्लग मिळेपर्यंत थांबणाऱ्या मुलाचा संयमही तितकाच मोलाचा होता.

तपासणीनें सर्वच टळतें असें नव्हे. पुस मॉथ जातीचीं कांहीं विमानें त्या आरंभीच्या वर्षांत हवेंतच पंख तुटून कोसळलीं. तो दोष रचनेचा होता. पंखाच्या आधारदांड्यास बळकटी आणावी लागली. परंतु जें दिसण्याजोगें आहे तें न पाहण्यास ही सबब होऊं शकत नाहीं.

३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत डेटननजीक राइट फील्डवर बोइंगचें चार इंजिनांचें नवें लष्करी विमान कसोटीसाठीं उडालें, एकदम वर चढलें आणि कोसळून जळालें. प्लॉयर हिल व लेस्ली टॉवर हे दोन मुरलेले वैमानिक त्यांत गेले. विमान उभें असतां वाऱ्यानें सुकाणूं हलूं नये म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहिला होता! तेव्हां लष्करी वैमानिकांनीं उड्डाणापूर्वीं व उतरतांना काय काय पाहावयाचें याची एक साधी यादी केली. स्मृति कितीही चांगली असो, तिच्यावर विसंबावयाचें नाहीं, ही शिस्त तेथून रूढ झाली.

यादी झाली, म्हणून अपघात सरले काय? ३१ मे २०१४ रोजीं अमेरिकेंतच बेडफर्ड येथें एका खासगी जेट विमानाचा अडसर तसाच राहिला आणि सातही जण मृत्यु पावले. चौकशींत आढळलें कीं, आधींच्या १७५ उड्डाणांपैकीं शेंकडा ९८ वेळां सुकाणूंची पूर्ण तपासणी झालीच नव्हती. इतक्या वेळां कांहीं बिघडलें नाहीं, हीच त्यांची मोठी फसवणूक झाली.

आमच्या सारोळ्यावरून नीरा ओलांडून खंबाटकीचा घाट चढावयास निघणारा जुना गाडीवान आसाला वंगण आहे काय, खीळ घट्ट आहे काय, हें प्रत्येक खेपेस पाही. काल पाहिलें होतें म्हणून आज सोडलें, असें त्यास परवडत नसे. गाडी उलटली तर मागून येणाराही सांपडे. विमानाचेंही तसेंच आहे. २८ जून २०१८ रोजीं जुहूहून चाचणी-उड्डाणास गेलेलें एक लहान विमान घाटकोपरच्या वस्तींत पडलें, तेव्हां आंतील चौघांबरोबर रस्त्यानें जाणारा एक पादचारीही प्राणास मुकला. तेथील कारणांचा ऊहापोह आज करावयाचा नाहीं. परंतु वैमानिकाची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या जिवापुरती नसते, हें त्या दिवशीं मुंबईनें पाहिलें.

आज अनेक सुशिक्षित घरांतील मुलें-मुली विमानविद्या शिकावयास जातात. तीं घरीं आलीं म्हणजे किती उंच उडालांत, हें कौतुकानें अवश्य विचारा. पण त्याआधीं, यादी हातांत धरून ओळीनें वाचलीत ना, एवढें विचारण्यास विसरूं नका.