लग्नाची सीडी लावायची कुठे? डेस्कटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह बसवा आणि जुनी रेकॉर्डिंग वाचवा

हुडकेश्वर असो की नागपूरचा दुसरा कुठला भाग, साधारण २००० ते २०१५ या काळात ज्या घरात लग्न झालं, त्या घरच्या आलमारीत एखादी सीडी किंवा डीव्हीडी बहुतेक वेळा सापडतेच. कव्हरवर नवरा-नवरीचा फोटो आणि आत दोन-तीन चकत्या. आज हयात नसलेले आजी-आजोबा त्यात चालताना, बोलताना दिसतात. पण ती चकती लावायची कुठे? डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला आणि नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच येत नाही.

घरी डेस्कटॉप असेल तर त्यात ड्राइव्ह बसवता येतो. एक पेचकस आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. मात्र हे काम पुढे ढकलू नका. का, ते आधी समजून घेऊ.

डिस्क खराब का होते?

ड्राइव्हमधला लेसर फिरत्या चकतीवर पडतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून माहिती वाचली जाते. सीडीवर साधारण ७०० एमबी, साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि ब्लू-रेवर २५ जीबी माहिती बसते.

दुकानात मिळणाऱ्या चित्रपटाच्या डिस्कमध्ये माहितीचे बारीक खड्डे कारखान्यातच साच्याने दाबलेले असतात. लग्नाच्या डिस्कचं तसं नसतं. फोटोग्राफरने ती कॉम्प्युटरवर राइट केलेली असते. तिच्यात एका रासायनिक रंगाचा थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा केलेल्या असतात. उष्णता, ऊन आणि दमटपणा यांनी हा रंग हळूहळू बिघडतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवलेल्या डिस्कने असे किती उन्हाळे काढले, हे मोजून पाहा.

शिवाय नव्या कोऱ्या डिस्कवर कायमचं विसंबण्याचे दिवसही गेले. १९८३ साली सुरू झालेली मोझर बेअर ही भारतीय कंपनी एकेकाळी कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी होती. २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. म्हणून डिस्कवरची रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर नेण्यापेक्षा हार्ड डिस्कवर घेणं चांगलं.

विकत घेण्याआधी काय पाहाल?

कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण उघडा आणि तीन गोष्टी तपासा.

१. समोरच्या बाजूला वरती सव्वापाच इंची रुंद कप्पा आहे का? नव्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बरेचदा तो नसतो.
२. मदरबोर्डवर साटा पोर्ट रिकामा आहे का?
३. एसएमपीएसमधून येणाऱ्या वायरींमध्ये साटाचा चपटा, रुंद पॉवर प्लग मोकळा आहे का?

तिन्ही असतील तर आत बसणारा साटा डीव्हीडी रायटर घ्या. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सीडीही चालते. ब्लू-रे मात्र चालत नाही, त्याचा ड्राइव्ह वेगळा लागतो. जुन्या मालात रुंद पट्टीच्या वायरीचे आयडीई ड्राइव्हही मिळतात. आजच्या मदरबोर्डवर त्याची जागाच नसते, त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन घेताना "साटा आहे ना?" हे विचारूनच पैसे द्या.

कप्पा नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. तो लॅपटॉपलाही चालतो आणि शेजाऱ्यांनाही देता येतो. डेस्कटॉपला लावताना तो मागच्या यूएसबी पोर्टला लावा. समोरच्या पोर्टवर कधीकधी वीज अपुरी पडते आणि ड्राइव्ह नुसताच टकटक करत राहतो.

ड्राइव्ह कसा बसवायचा?

१. कॉम्प्युटर बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि मग पॉवरचं बटण एकदा दाबा. आत उरलेली वीज निघून जाते.
२. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.
३. कप्प्यासमोरचं प्लास्टिकचं झाकण काढा. मागे पत्र्याची पट्टी असेल तर तीही काढा.
४. ड्राइव्ह समोरून आत सरकवा. ट्रेचं तोंड बाहेर हवं आणि ते कॅबिनेटच्या समोरच्या बाजूशी सपाट बसायला हवं.
५. दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू लावा. ड्राइव्हचे स्क्रू बारीक आट्यांचे असतात. हार्ड डिस्कचे जाड स्क्रू जबरदस्तीने पिळले तर भोकाचे आटे जातात.
६. साटाची अरुंद डेटा केबल ड्राइव्हला आणि मदरबोर्डला लावा, रुंद पॉवर प्लग ड्राइव्हला लावा. दोन्हींना आत इंग्रजी 'एल' अक्षरासारखी खाच असते, त्यामुळे ते उलटे बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून पाहा.
७. झाकण लावा आणि कॉम्प्युटर सुरू करा.

वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडलं की ड्राइव्ह दिसतो. दिसला नाही तर केबल दुसऱ्या साटा पोर्टला लावून पाहा. अनेक मदरबोर्डवर एम-डॉट-टू एसएसडी लावली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो.

रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर कशी घ्यायची?

विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळात नसते. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाका. त्यात व्हीसीडी आणि डीव्हीडी दोन्ही चालतात.

व्हीसीडी असेल तर डिस्क उघडून 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करा. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास रेकॉर्डिंग बसते, म्हणून लग्नाचा संच दोन-तीन चकत्यांचा असतो. हळद एकीवर आणि पाठवणी दुसरीवर असू शकते, तेव्हा सगळ्या घ्या. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ-टीएस' हा पूर्ण फोल्डर कॉपी करा. नंतर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एमपी-फोर फाइल बनवली की ती मोबाइलवर चालते आणि नातेवाइकांना पाठवता येते. मूळ फोल्डर मात्र तसाच ठेवा, कारण रूपांतरात दर्जा थोडा घटतो.

हे सगळं तुमच्या घरच्या रेकॉर्डिंगसाठी आहे. विकत आणलेल्या चित्रपटाच्या डिस्कवर कॉपीविरोधी कुलूप असतं आणि तिला कॉपीराइट कायदा लागू होतो.

डिस्क वाचत नसेल तर?

मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. डिस्कवर माहिती गोल रेषांत लिहिलेली असते. गोल ओरखडा पडला तर सलग माहिती जाते, आडवा ओरखडा मात्र ड्राइव्ह बरेचदा सांभाळून घेतो. डाग चिकट असेल तर साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी वापरा आणि डिस्क पूर्ण सुकू द्या.

तरीही वाचत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्यात चालू शकते. तडा गेलेली डिस्क मात्र लावूच नका. वेगवान ड्राइव्हमध्ये चकती मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्या घेऊ शकते आणि त्या वेगात तिचे तुकडे होऊ शकतात. ट्रे अडकला तर कॉम्प्युटर बंद करून समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन हलकेच दाबा, ट्रे बाहेर येतो.

सीडीबद्दल आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आपण चमकदार बाजू जपतो, पण माहितीचा थर नाव लिहितो त्या बाजूच्या अगदी खाली असतो. त्या बाजूवर बॉलपेनने लिहू नका आणि चिकटलेला स्टिकर ओढून काढू नका. स्टिकरबरोबर रेकॉर्डिंगही निघून येऊ शकते.

कॉपी झाल्यावर फाइल उघडून शेवटपर्यंत चालते का ते पाहा. मग एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. मूळ डिस्क फेकू नका. कव्हरमध्ये घालून उभी ठेवा, माळ्यावर नाही तर घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत. कूलरसमोरची जागाही टाळा, तिथे हवा दमट असते.