तिजोरीतला फॉर्म्युला आणि अंधेरीच्या बाटल्या

५ जुलै २००६. अमेरिकेत अटलांटाला एफबीआयनं तिघांना पकडलं. त्यांतली एक होती जोया विल्यम्स, कोका-कोलाच्या मुख्यालयात काम करणारी सेक्रेटरी. कंपनीची कागदपत्रं आणि एका नव्या पेयाचा नमुना पिशवीत टाकताना ती ऑफिसच्या कॅमेऱ्यात सापडली होती. हा माल पेप्सीला विकायचा बेत होता.

दोनच दिवसांनी, शुक्रवारी ७ जुलैला, आपल्याकडे मधुर भांडारकरांचा ‘कॉर्पोरेट’ लागला. सेहगल आणि मारवा हे दोन उद्योगसमूह. मारवा पुदिन्याच्या चवीचं एक कोल्ड्रिंक आणणार आहेत, याचा सुगावा सेहगलच्या लोकांना लागतो. निशिगंधा (बिपाशा बासू) प्रतिस्पर्धी कंपनीतल्या अधिकाऱ्याकडून ती गुप्त योजना काढून आणते आणि सेहगल तेच पेय आधी बाजारात आणतात. मग कळतं की त्यात कीटकनाशकं आहेत.

आणि २ ऑगस्टला दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ अर्थात सीएसईनं अहवाल काढला : देशातल्या कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकं, सरासरीनं प्रस्तावित मर्यादेच्या २४ पट. कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले.

एका महिन्याच्या आत सिनेमातली चोरीही बातमीत आली आणि विषही. अर्थात, सिनेमा त्याआधीच तयार होता. अटलांटाची चोरी भांडारकरांना माहीत असणं शक्य नव्हतं. पण कोल्ड्रिंकच्या धंद्यातली मारामारी शोधायला मुंबईच्या माणसाला अटलांटाला जायची गरजही नव्हती. ती वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून, अंधेरी पूर्वेला होऊन गेली होती. आणि तिची गोष्ट सिनेमातल्या गोष्टीपेक्षा बरीच वेगळी आहे.

काचेची बाटली

‘पार्ले’ हे नाव विलेपार्ल्यावरून आलं. मोहनलाल चौहान यांनी १९२९ मध्ये तिथं गोळ्या-चॉकलेटचा कारखाना काढला, नंतर बिस्किटं सुरू केली. पुढं कुटुंबात वाटण्या झाल्या आणि कोल्ड्रिंकचा धंदा एका शाखेकडे आला. तोच रमेश चौहान यांचा. गोल्ड स्पॉट, लिम्का, माझा, थम्स-अप ही सगळी या घरातली नावं. आज बिसलेरीचं मुख्यालय अंधेरी पूर्वेला हायवेवर आहे, ते याच चौहानांचं. बिसलेरी त्यांनी १९६९ मध्ये एका इटालियन कंपनीकडून घेतली.

हा धंदा चालतो कसा, ते आधी पाहू. ब्रँडची मालक कंपनी सहसा फक्त अर्क बनवते. धंद्याच्या भाषेत कॉन्सन्ट्रेट. तो गावोगावच्या बॉटलरकडे जातो. बॉटलर त्यात स्थानिक पाणी, साखर आणि गॅस घालतो, बाटल्या भरतो, क्रेट ट्रकवर चढवतो, पानपट्टीवाल्यापर्यंत पोचवतो आणि रिकाम्या बाटल्या परत आणतो. प्लास्टिकच्या बाटल्या येण्याआधी ही परत येणारी काचेची बाटलीच या धंद्यातलं मोठं भांडवल होती. कारखाना बॉटलरचा, ट्रक बॉटलरचे, दुकानदाराशी ओळखही बॉटलरची. मालक कंपनीचं स्वतःचं काय? नाव, चव आणि एक करारपत्र.

म्हणजे फॉर्म्युला तिजोरीत ठेवता येतो. धंदा मात्र रस्त्यावर उघडा पडलेला असतो.

फॉर्म्युला असूनही हरलेलं सरकार

१९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. परकीय चलनाचा ‘फेरा’ कायदा १९७३ चा. त्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. कोका-कोलाला भारतीय भागीदारांच्या हाती बहुमत द्यायचं नव्हतं, आणि त्या कंपनीकडे अर्काचं गुपितही द्यायचं नव्हतं. कोक निघून गेला. ‘जॉर्जनी फॉर्म्युला मागितला आणि कोक पळाला’ ही आपल्या आधीच्या पिढीची आवडती गोष्ट.

त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. सरकारनं स्वतःचा कोला काढला. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी प्रयोगशाळेनं फॉर्म्युला बनवला, मॉडर्न फूड इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीनं तो बाजारात आणला. सत्तांतराच्या वर्षावरून नाव ठेवलं ‘डबल सेव्हन’. पाठीशी प्रयोगशाळा होती, सरकारी कारखाने होते, मंत्री होते. तरी डबल सेव्हन चाललं नाही.

चाललं ते थम्स-अप. तेही १९७७ चंच. त्याची चव कोकपेक्षा जास्त तिखट आणि झणझणीत होती हे खरंच. पण चौहानांकडे आणखी एक गोष्ट होती : गोल्ड स्पॉट आणि लिम्का भरणारे बॉटलर आधीपासून गावोगावी होते. नव्या अर्काचा डबा त्याच वाटेनं पाठवायचा होता. उत्तरेत प्युअर ड्रिंक्सच्या कॅम्पा कोलाचा जोर होता. ही कंपनी पूर्वी कोकच भरायची, म्हणजे तिच्याकडेही प्लांट होते. या फेरीत टिकले ते बाटल्या फिरवणारे.

चौहानांची विक्री

१९९० मध्ये पेप्सी आली. नियमाप्रमाणे आधी ‘लहर’ हे नाव जोडून. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, कोक परत आला. त्या वेळी देशातल्या कोल्ड्रिंकच्या बाजारातला निम्म्याहून मोठा वाटा पार्लेचा होता. आणि त्याच वर्षाअखेर रमेश चौहान यांनी थम्स-अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे ब्रँड कोका-कोलाला विकून टाकले. तेव्हाच्या बातम्यांनुसार किंमत होती सुमारे ६ कोटी डॉलर.

पहिल्या नंबरचा माणूस मैदान का सोडतो? उत्तर पुन्हा बाटलीतच आहे. पार्लेचे बहुतेक प्लांट पार्लेच्या मालकीचे नव्हते, फ्रँचायझीचे होते. दोन अमेरिकन कंपन्या त्याच बॉटलरांच्या दारात पैसे, नवी मशिनं आणि जाहिरातीचं पाठबळ घेऊन उभ्या राहिल्या तर किती जण थांबतील? बॉटलर गेले असते तर चौहानांकडे नाव आणि अर्क उरला असता, तो भरायला मात्र कोणी उरलं नसतं. कोणी फाईल चोरली नाही, कोणाच्या मागे हेर लावले नाहीत. नुसता हिशेब मांडून धंदा विकला गेला.

दोनच वर्षांनी याचं प्रात्यक्षिक कोर्टात दिसलं. अहमदाबाद आणि राजकोटला प्लांट असलेली गुजरात बॉटलिंग ही पार्लेची जुनी बॉटलर. ब्रँड कोककडे गेल्यावर तिनं १९९३ मध्ये कोकशी करार केला. जानेवारी १९९५ मध्ये पेप्सीच्या बाजूनं या कंपनीचे शेअर घेतले गेले आणि लगेच कोकला करार सोडण्याची एक वर्षाची नोटीस गेली. म्हणजे थम्स-अपच्या बाटल्या भरणारा कारखाना एका रात्रीत प्रतिस्पर्ध्याच्या हातात! कोक मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं मनाई केली, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली : नोटिशीचं वर्ष संपेपर्यंत या प्लांटमध्ये दुसऱ्याचं पेय भरायचं नाही.

सिनेमात एवढं काम करायला निशिगंधा लागते. प्रत्यक्षात शेअर हस्तांतराचे कागद पुरले.

गोल्ड स्पॉटचं पुढं काय झालं? नव्या मालकाकडे फँटा होतं, दोन संत्र्यांची गरज नव्हती. गोल्ड स्पॉट बाजारातून नाहीसं झालं. थम्स-अपचीही तीच गत होईल असं वाटत होतं, पण गिऱ्हाईक हटेना. २०२१ मध्ये या ब्रँडची उलाढाल १ अब्ज डॉलरवर गेली.

शिक्षा कोणाला

भांडारकर हे खारमध्ये व्हिडिओ कॅसेट घरपोच देत वाढलेले. ‘चांदनी बार’ आणि ‘पेज थ्री’नंतरचा हा त्यांचा सिनेमा. पडद्यावरच्या हेरगिरीचा मसाला आज जुना वाटतो. एक गोष्ट मात्र त्यांनी नेमकी पकडली. प्रकरण अंगाशी आल्यावर सेहगल निशिगंधाला म्हणतात : तू दोष पत्कर, आम्ही तुला सोडवू. ती तुरुंगात जाते. तिला कोणी सोडवत नाही. वर दोन उद्योगपतींचा समझोता होतो.

आता अटलांटा बघा. जोयाच्या साथीदाराचं पत्र मिळाल्यावर पेप्सीनं ते कोकच्याच हवाली केलं. दोन कट्टर वैऱ्यांचं इथं एकमत होतं. २००७ मध्ये जोयाला आठ वर्षांची शिक्षा झाली. तिनं चोरी केली होती, शिक्षा व्हायलाच हवी होती. पण कारखान्यांचा ताबा घेऊन बाजार फिरवणं हा व्यवहार, आणि पिशवीत कागद टाकणं हा गुन्हा, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा. पहिल्याला भांडवल लागतं. दुसरा गुन्हा पगारावर जगणाऱ्यालाच सुचतो, आणि तोच पकडला जातो.

हे तुमच्या-माझ्या जगापासून लांबचं नाही. अंधेरी एमआयडीसीत, सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये पहिल्या नोकरीला लागताना तुम्ही ज्या जाडजूड करारावर न वाचता सही करता, त्यात गोपनीयतेचं कलम असतंच. बहुतेक वेळा ‘सोडल्यावर अमुक महिने प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असंही असतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की धंदा किंवा रोजगार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरीत असताना बंधन चालतं, सोडल्यावर सहसा नाही. कोक आमची माणसं फोडतोय, अशी तक्रार घेऊन पेप्सी दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. १९९९ मध्ये न्यायालयानं मनाई नाकारली. चांगल्या पगारासाठी नोकरी बदलणं हा माणसाचा हक्क आहे, कंपनीची मालमत्ता नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता.

खरं गुपित मात्र जपलं जातं. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नसला तरी विश्वासानं सांगितलेली गोष्ट न्यायालयं राखतात. याचं उदाहरण मुंबईच्या मालिकाविश्वातलंच आहे. एका निर्मिती संस्थेनं विश्वासानं सांगितलेल्या बाळकृष्णाच्या मालिकेच्या कल्पनेवरून २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं झी टेलिफिल्म्सच्या विरोधात निकाल दिला.

कुठलं गुपित?

आता कीटकनाशकांकडे. २००६ चा अहवाल पहिला नव्हता. ऑगस्ट २००३ मध्येच सीएसईनं १२ ब्रँड तपासून तोच इशारा दिला होता. ‘कॉर्पोरेट’चं बीज तिथं आहे. त्यावर संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. अध्यक्ष होते शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीनं सीएसईचे निष्कर्ष योग्य ठरवले. मूळ दुखणं पाण्याचं होतं : बॉटलर जे भूजल उपसत होते त्यात शेतातली औषधं उतरली होती. तीन वर्षांनी सीएसईनं पुन्हा तपासलं, तरी पेयांत कीटकनाशकं होतीच.

कोकचा फॉर्म्युला शंभर वर्षांहून जास्त काळ कुलपात आहे. त्यानं पिणाऱ्याचं काही बिघडलं नाही. बाटलीतलं पाणी कसलं, हे मात्र कोणी तिजोरीत ठेवलेलं नव्हतं. मुद्दाम तपासायला गेल्याशिवाय ते पिणाऱ्याला कळायची सोय नव्हती, एवढंच.

मार्च २०२४ मध्ये विधी आयोगानं २८९ व्या अहवालात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. जनहितासाठी माहिती बाहेर आणणाऱ्याला त्यातून सूट असावी, असंही सुचवलं. असा कायदा होईल तेव्हा फॉर्म्युल्याला कुलूप मिळेल यात शंका नाही. कोटिकोटींचे ब्रँड असलेले लोक तेवढं करून घेतीलच. बघायचं आहे ते सुटीच्या कलमाकडे. एखाद्या प्लांटच्या प्रयोगशाळेत कोणीतरी निशिगंधा पाण्याचा अहवाल हातात घेऊन उभी असेल, तेव्हा तो कागद बाहेर आणल्याबद्दल तिला आत जावं लागेल की नाही, हे त्या एका कलमावर ठरणार आहे.