महापौर : मान आणि अधिकार

नळाला पाणी आले नाही, की नागरिक महापौरांकडे दाद मागतो. परंतु मुंबईच्या महापौरांना अभियंत्यास आज्ञा करण्याचा अधिकार कायद्याने दिलेलाच नाही. असे का व्हावे?

१८६५ साली शहराचा कारभार व्यवहारतः आर्थर क्रॉफर्ड या एकट्या आयुक्ताच्या हाती आला. आज महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई त्याच्याच कारकिर्दीतली. पण खर्चाला धरबंध राहिला नाही आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. आयुक्ताची सत्ता काढून ती समितीकडे द्यावी, असे पुष्कळांचे मत पडले. तरुण फिरोजशहा मेहतांनी लोकक्षोभ पत्करून निराळा विचार मांडला : कारभार करणारा हात एकच असावा, मात्र त्यावर लोकनियुक्त सभेचा अंकुश असावा. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे ठरले. १८८८ च्या कायद्याने ही घडण पक्की केली.

सभेच्या अध्यक्षास १९३१ पासून ‘मेयर’ म्हणू लागले. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांचा. नाव भारदस्त झाले, अधिकार मात्र तेवढेच राहिले : सभा चालविणे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे.

तरीही हे पद शोभेचे नव्हे. मार्च २०२२ मध्ये सभेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि पुढील काही वर्षे सारा कारभार एकट्या आयुक्तांकडे गेला. दाद मागावी कोणाकडे, हा प्रश्न तेव्हा पुन्हा उभा राहिला. महापौर आज्ञा देऊ शकत नाहीत हे खरे. पण आज्ञा देणाऱ्याला भर सभेत जाब विचारता यावा, हे पाहणे त्यांचेच कर्तव्य आहे.