अदृश्य वस्तुमानाची मोजणी
संत तुकाराम नगरातून नाशिक फाट्यास येऊन भोसरी, चाकण, राजगुरुनगर असा उत्तरेचा रस्ता धरला, म्हणजे कारखान्यांचा मुलूख मागे पडून नारायणगावानजीक मौजे खोडद लागते, जेथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्रास अर्पण झाली.

ही दुर्बीण टिपते त्या हायड्रोजनाच्या २१ सेंटिमीटर लहरींच्या सरकण्यावरून दीर्घिकेतील वायूचा परिभ्रमणवेग कळतो. त्या वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागले की तेथील गुरुत्वीय ओढ मिळते, आणि त्या ओढीचे त्रिज्येनुसार संकलन करीत गेले की दीर्घिकेचे गुरुत्वीय विभव सिद्ध होते; दिसणाऱ्या तारे-वायूंच्या भाराने जी ओढ भरून निघत नाही, ती अदृश्य द्रव्याची. व्हेरा रूबिन व केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेचे परिभ्रमण मोजले होतेच. परंतु खुज्या दीर्घिकांचे महत्त्व मला अधिक वाटते, कारण तेथे ताऱ्यांचा भार अल्प असल्याने अदृश्य द्रव्याचा अंमल निर्भेळ दिसतो. २००५ मध्ये आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि काराचेन्त्सेव्ह यांनी याच दुर्बिणीने एनजीसी ३७४१ ही खुजी दीर्घिका न्याहाळली, तेव्हा तिची वायूची तबकडी ताऱ्यांच्या प्रकाशाच्या कितीतरी पलीकडे पसरलेली आढळली, आणि इतक्या दूरवरचा वेग सांभाळण्यास तारे व वायू मिळूनही अपुरे पडतात, हे त्या मोजणीत स्पष्ट झाले.