उपवासकाळ आणि आमचे पुराण

राखेच्या बुधवारी गतवर्षीच्या झावळ्यांची राख कपाळी लागते आणि प्रभूच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या स्मरणार्थ आमचा उपवासकाळ सुरू होतो. परंतु ह्या साष्टी-वसईच्या किनाऱ्यावर, ज्यात आमची मनोरी येते, आमच्या पूर्वजांचा उपवास केवळ पोटाचा नव्हता. त्यात कानांचेही काम होते. पाद्री फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइन्श ह्यांनी प्रभूच्या दुःखसहनाचे व मरणाचे मराठी पुराण रचिले. ते 1659 साली लिस्बन येथे रोमी लिपीत छापून निघाले. परदेशी पाद्र्याने आमच्या बोलीत पुराण रचावे, हे नवल लहान नव्हे! 1737 मध्ये साष्टी व 1739 मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली, पुराण राहिले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावे लागले. उपवासकाळी ते गाइले जाई. ज्यास अक्षरओळख नसे, त्यासही पेत्राचा नकार मायबोलीत ऐकू येई, आणि ऐकता ऐकता स्वतःचे नकार आठवत.

1966 साली सहावे पोप पौल ह्यांनी नियम सौम्य केले. आता सक्तीच्या उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार. ताटावरील निर्बंध सैल झाले, ह्याचा आम्हांस खेद नाही. खेद आहे तो हा की, सायंकाळी दिवा लागल्यावर ते पुराण आता क्वचितच कोणाच्या घरी उघडते.