नळांतील साचलें पाणी

नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुक्यांत आंभोरा म्हणून एक क्षेत्र आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पांच नद्यांचा तेथें संगम होतो, असें परंपरा सांगते. २२ एप्रिल १९८८ रोजीं ज्याची कोनशिला बसली, त्या गोसीखुर्द धरणाचें पाणी पुढें तुंबत तुंबत या संगमापर्यंत आलें, आणि शतकानुशतकें खळाळत गेलेला ओघ तेथें मंदावला. नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेंत उतरतें व कन्हानेबरोबर याच जलाशयांत येऊन विसावतें. ओघ असतां जें वाहून गेलें असतें, तें ओघ थांबतांच तळाशीं बसूं लागतें, आणि काठच्या दगडांना बुळबुळीत लेप चढतो.

जें नदीचें, तेंच नळाचें. फरक इतकाच कीं, नदीचा डोह डोळ्यांना दिसतो, नळाचा दिसत नाहीं. औषधांच्या कारखान्यांत शुद्ध पाण्याचा मुख्य नळ अखंड वाहता ठेवितात. पण त्याला एखादी फांदी अशी फुटलेली असते कीं, तिच्या टोकाची तोटी क्वचितच उघडते. कधीं एखादें यंत्र काढून नेलेलें असतें आणि त्याच्याकडे जाणारा तुकडा टोपण लावून तसाच ठेवलेला असतो. अशा फांदीला कारखान्यांतील मंडळी ‘डेड लेग’ म्हणतात. मराठींत तिला मृत शाखा म्हणतां येईल. पण तिच्यांत मेलेलें कांहींच नसतें, उलट जें नको तें नेमकें तेथेंच जन्म घेतें, ही या नांवांतील मौज आहे.

या चिंतेचा इतिहास मात्र नळांपासून नव्हे, बाटलीपासून सुरू होतो. मुंबईस परळ येथें वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेंत प्लेगची लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांना ती टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून टोंचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. बाटली मुंबईसच दूषित झाली होती कीं गांवांत बूच काढतांना झाली, यावर कित्येक वर्षें वाद माजला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. बूच काढतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, हें पुराव्यानें पुढें आलें आणि १९०७ सालीं त्यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ पासून परळच्या त्या संस्थेला त्यांचेंच नांव आहे. एका मानी शास्त्रज्ञाच्या आयुष्याची जी हानि झाली, ती मात्र कोणत्याहि निकालानें भरून आली नाहीं. तरी तेथें एक सोय होती: बाटलीला क्रमांक होता, आणि दोष त्या एका बाटलीपुरता सिद्ध करतां आला. औषध नळांतून वाहूं लागलें तेव्हां ही सोय संपली. एका बोळांत दडलेली घाण आज एका घाण्यांत उतरते, उद्यां दुसऱ्या, आणि कधीं आठवडाभर उतरतच नाहीं.

येथें असें वाटेल कीं, पाणी शेवटीं उकळून घेतलें म्हणजे झालें. हा समज फार दिवस प्रचलित होता. शिरेंतून मिठाचें पाणी दिलें कीं कित्येक रोग्यांना हुडहुडी भरून ताप चढे. पाणी ऊर्ध्वपातित, निर्जंतुक, आणि तरीहि ताप! अमेरिकेंतील फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषीनें १९२३ सालीं याचा उलगडा केला. जंतु मेले तरी त्यांच्या शरीरांतील तापकारी द्रव्य उरतें. तें उकळण्यानें नाहींसें होत नाहीं, आणि ऊर्ध्वपातनाच्या वेळीं वाफेबरोबर उडालेल्या बारीक थेंबांवर बसून तें पलीकडे जातें. म्हणजे जंतूंना आधीं वाढूं देऊन मग मारणें पुरेसें नाहीं. त्यांना घर करूं देतां कामा नये.

पेनिसिलिननें हा धडा अधिक कठोरपणें दिला. १ मार्च १९४४ रोजीं ब्रुकलिन येथें फायझर कंपनीनें बर्फाच्या एका जुन्या कारखान्यांत प्रत्येकीं साडेसात हजार गॅलनांच्या १४ टाक्या चालू केल्या. टाकींत बुरशीसाठीं गोड, पौष्टिक रस. खालून सारखी हवा सोडलेली. आणि तापमान असें कीं, कोणत्याहि जंतूला तें मानवावें. परका जंतु आंत शिरला तर तो नुसता अन्नांत वांटेकरी होत नाहीं. कित्येक जंतूंपाशीं पेनिसिलिनचाच नाश करणारें द्रव्य असतें, हें एब्राहम व चेन यांनीं १९४० सालींच दाखविलें होतें. तेव्हां एका सांध्यांतील चिमूटभर घाणीनें हजारो गॅलन रस वायां जावा, यांत नवल नाहीं.

टाकी आणि नळ वाफेनें तापवून निर्जंतुक करितात. १२१ अंश सेंटिग्रेडची वाफ कांहीं वेळ प्रत्येक भागाला लागली पाहिजे. पण आंधळ्या बोळांत आधींची हवा कोंडून राहते, किंवा वाफेचें पाणी होऊन तळाशीं सांचतें. हवा मिसळलेली वाफ पुरेशी तापत नाहीं. बाहेरचा तापमापक १२१ दाखवीत असतो आणि हातभर अंतरावर जंतु सुखानें नांदत असतात. म्हणून जेथें बोळ टाळतां येत नाहीं, तेथें दोन तोट्यांमध्यें वाफ खेळती ठेवून पहारा बसविण्याची युक्ति रूढ झाली. आपल्याकडे पिंपरीस १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलिन निघूं लागलें, तेव्हां त्या टाक्यांबरोबर ही नळांची शिस्तहि महाराष्ट्रांत आली.

शिस्त होती, पण माप नव्हतें. तें लेखी आलें अमेरिकेच्या १९७६ च्या एका मसुद्यांत. शिरेंतून देण्याच्या द्रवांसाठीं तो होता. न वापरली जाणारी फांदी, वाहत्या नळाच्या मध्यरेषेपासून मोजतां, स्वतःच्या व्यासाच्या सहापटीहून लांब नसावी, असें त्यानें सांगितलें. गंमत अशी कीं, मसुदा कायदा कधींच झाला नाहीं. पण सहाचा आंकडा जगभर पाठ झाला. तो फार उदार होता. मुख्य नळ ५० मिलिमीटरांचा आणि फांदी २५ ची असेल, तर मध्यरेषेपासून १५० मिलिमीटर मिळत. त्यांतले २५ मुख्य नळांतच गेले तरी १२५ मिलिमीटरांचा डोह उरे. वाहत्या पाण्याचा हिसका फांदींत थोड्याच अंतरापर्यंत पोहोंचतो. पलीकडे सगळें स्वस्थ. १९९७ सालीं अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें जैविक औषधांच्या यंत्रसामग्रीसाठीं मानक काढलें. त्यांत मध्यरेषा सोडून नळाच्या आंतील भिंतीपासून मोजण्याची रीत आणि दोन व्यासांचें लक्ष्य पुढें आलें. म्हणजे त्याच फांदीला आतां ५० मिलिमीटर.

आणि उपाय तरी किती साधे! पाणी ७० ते ८० अंशांवर तापवून वर्तुळाकार नळांत सारखें फिरतें ठेवावें. आडव्या नळांना उतार द्यावा, म्हणजे रिकामे करतांना थेंब राहणार नाहीं. आणि तोटी मुख्य नळाला अगदीं बिलगून बसवावी. पडद्याची जी तोटी आज या कामीं सर्वत्र दिसते, ती मुळांत साँडर्स नांवाच्या अभियंत्यानें दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींत दाबलेली हवा गळूं नये म्हणून काढली. तिच्यांत खांचाखोंचा नाहींत, हा गुण औषधवाल्यांनीं मागाहून ओळखला. घरोघरच्या गृहिणीहि सकाळीं नळ आल्यावर पहिलें पाणी सोडूनच हंडा लावितात. रात्रभर थांबलेल्या पाण्यावर त्यांनीं कधीं विश्वास ठेविला नाहीं.

मूळ नकाशांत मृत शाखा सहसा नसतेच. ती मागाहून येते. दाब मोजण्याचें यंत्र बसविण्यासाठीं कोणी एक तिठा जोडतो, दोन वर्षांनीं यंत्र बदलतें, तिठा राहतो. नव्या मजल्यासाठीं फांदी काढतात, मजला होत नाहीं. टोपण लावलें कीं काम झालें असें जोडाऱ्याला वाटतें, आणि नकाशावर त्याची नोंद कोणी करीत नाहीं. म्हणून जाणता तपासनीस कागद पाहून उठत नाहीं. तो नकाशा हातांत घेऊन नळाबरोबर पहिल्या टाकीपासून शेवटच्या तोटीपर्यंत चालत जातो, आणि नकाशांत नसलेली फांदी दिसली कीं ती टोपणाशीं नव्हे, मुळाशीं कापावयास सांगतो.