धावणाऱ्याची बिदागी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. पायाने तो क्वचितच मारतात, बहुतेक वेळ तो हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. पुढे जाण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे क्वार्टरबॅक नावाच्या सूत्रधाराने चेंडू लांब फेकायचा आणि दुसऱ्याने तो झेलायचा. दुसरी म्हणजे चेंडू एका गड्याच्या हाती द्यायचा, आणि त्याने तो छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं. या गड्याला रनिंग बॅक म्हणतात. आपल्या कबड्डीतला चढाई करणारा डोळ्यांपुढे आणा. फरक एवढाच, की याच्यासमोर त्याच्याच बाजूचे पाच पहिलवान वाट करून देत असतात, आणि त्याला पकडणारे शंभर-सव्वाशे किलोचे असतात.

या माणसाला किती पैसे द्यावेत, यावर तिकडे शंभर वर्षं वाद चालू आहे. मी काही त्या खेळातला जाणकार नव्हे, कविता लिहिणारा माणूस आहे. पण अंगातलं कसब किती दिवस टिकेल हे कुणालाच ठाऊक नसताना त्याची बिदागी कशी ठरवायची, आणि मुख्य म्हणजे ती कधी द्यायची, हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. म्हणून या वादाच्या मागे मागे जात राहिलो.

सुरुवात १९२५ सालची आहे. इलिनॉय विद्यापीठात हॅरल्ड ग्रेंज नावाचा मुलगा खेळत होता. लाल केसांमुळे त्याला ‘रेड’ म्हणत. शिकागोजवळच्या व्हीटन गावात तो उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर बर्फाच्या लाद्या पोचवायचा. खांद्यातली आणि पायातली ताकद त्या लाद्यांनी दिली, असं लोक म्हणत. १९२४ मध्ये मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत त्याने चार टचडाऊन केले आणि तो देशभर गाजला. तेव्हा कॉलेजचा फुटबॉल प्रतिष्ठेचा, आणि पैसे घेऊन खेळणं जरा हलकं समजलं जाई. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, जेमतेम पाच वर्षांची होती आणि संघ कसेबसे तग धरून होते. सामान्य खेळाडूला एका सामन्याला शंभर डॉलरच्या आसपास मिळत.

ग्रेंजला सी. सी. पाइल नावाचा एक थिएटरवाला भेटला. हा माणूस मोठा वस्ताद. त्याने शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलासशी बोलणी करून ठरवलं, की ग्रेंजला पगार नको, तिकिटांच्या गल्ल्यात वाटा हवा. कॉलेजचा शेवटचा सामना संपून आठवडाही झाला नव्हता, तोच २६ नोव्हेंबर १९२५ रोजी ग्रेंज बेअर्सकडून मैदानात उतरला. मग सुरू झाला गावोगावचा दौरा. आपल्याकडच्या फडासारखं आज इथे तर उद्या तिथे, कधी कधी सलग दिवशी सामने. ६ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सत्तर हजारांच्या आसपास माणसं लोटली. न्यूयॉर्क जायंट्स या नव्या संघाचे मालक टिम मारा त्या वर्षी कर्जात बुडत चालले होते. त्या एका दुपारच्या गल्ल्याने त्यांचा संघ वाचला. हे मारा नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

तर तेव्हा मोठा करार परवडत होता का? निःसंशय. पैसा फाटकावर जमत होता, आणि माणसं कुणाला बघायला येतात हे डोळ्यांना दिसत होतं. पाइलने पुढच्या वर्षी संघाच्या मालकीतच वाटा मागितला, हॅलासने नकार दिला, तेव्हा पाइलने स्वतःची वेगळी लीग काढली. ती एका हंगामात बसली. आणि १९२७ मध्ये ग्रेंजचा गुडघा गेला. त्यानंतर आपण चारचौघांसारखे खेळाडू उरलो, असं त्याने स्वतःच म्हटलं आहे. पहिल्याच ताऱ्याच्या गोष्टीत हा गुडघा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

क्लीव्हलंडच्या जिम ब्राउनने हा हिशेब आधीच ओळखला असावा. नऊ हंगामांपैकी आठांत तो धावांमध्ये पहिला. १९६६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये सिनेमाचं चित्रीकरण करत होता. सरावाला उशीर झाला म्हणून मालकाने दंडाची भाषा केली, आणि तिशीतल्या ब्राउनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली. धडधाकट पायांनी बाहेर पडलेला रनिंग बॅक विरळाच.

अर्ल कॅम्पबेलच्या नशिबी ते नव्हतं. टेक्सासमधलं टायलर हे गुलाबशेतीचं गाव. वडील लवकर वारले, आई गुलाबाच्या शेतात राबायची, अकरा मुलांपैकी हा एक. १९७८ साली ह्यूस्टन ऑइलर्सने त्याला निवडलं. हाती पैसा आल्यावर त्याने आईला घर बांधून दिलं. पहिली तिन्ही वर्षं तो लीगमध्ये धावांत पहिला होता. १९८० मध्ये त्याने ३७३ वेळा चेंडू घेतला आणि १,९३४ यार्ड काढले. तो समोरच्याला चुकवत नसे, सरळ अंगावर जाई. त्याच्या धावांचे जुने तुकडे पाहताना आधी टाळी वाजवावीशी वाटते आणि मग पोटात कालवतं. ३७३ वेळा म्हणजे ३७३ धडका, एका हंगामात. १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि ८६ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो थांबला. पुढे पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाल्या, गुडघे बदलावे लागले, आधाराला काठी आली, चाकाची खुर्ची आली. संघाच्या वहीत हा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही.

१९७८ मध्येच नियम बदलून चेंडू झेलणाऱ्यांना अधिक मोकळीक दिली गेली. फेकणं सोपं झालं आणि धावण्याचं महत्त्व हळूहळू उतरत गेलं. पण खरा फरक पडला तो १९९४ मध्ये. त्या वर्षापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आली, ३ कोटी ४६ लाख डॉलर. २०२४ पर्यंत ती २५ कोटी ५४ लाखांवर गेली, पण तत्त्व तेच राहिलं. एकाच्या ताटात वाढायचं तर दुसऱ्याच्या ताटातून काढायचं. ग्रेंजने माणसं खेचली की गल्ला फुगत होता. आता धावणारा कितीही धावला तरी वाटायची रक्कम ठरलेली.

या बदलाच्या अगदी उंबरठ्यावर डॅलसचा एमिट स्मिथ उभा होता. त्याची गंमत अशी, की डॅलसला तो मिळालाच एका दुसऱ्या ताऱ्याला विकून. १९८९ मध्ये त्यांनी हर्शेल वॉकर हा आपला नामांकित धावणारा मिनेसोटाला दिला आणि बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीचे ढीगभर हक्क घेतले. त्यांतलाच एक वापरून स्मिथ आला. १९९३ मध्ये, सलग दोन वर्षं धावांत पहिला आल्यावर, स्मिथने नवा करार मागितला. मालक जेरी जोन्स अडून बसले. स्मिथही घरी बसला. गतविजेता डॅलस त्याच्याशिवाय पहिले दोन्ही सामने हरला, आणि जोन्सनी चार वर्षांचे १ कोटी ३६ लाख डॉलर मान्य केले. त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, जायंट्सविरुद्ध, स्मिथचा खांदा निखळला होता. तशाही अवस्थेत तो खेळत राहिला, सामन्यात एकूण ३२ वेळा धावला आणि सामना जिंकून दिला. डॅलस पुन्हा सुपर बोल जिंकलं. पहिले दोन सामने हरून विजेतेपद मिळवणारा तो पहिला संघ.

मोठा करार परवडतो म्हणणारे स्मिथचं उदाहरण देतात. न परवडणारे डेन्व्हरकडे बोट दाखवतात. तिथे टेरेल डेव्हिस १९९५ च्या निवडीत तब्बल १९६ वा होता. १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले, डेन्व्हरने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. पुढच्याच वर्षी गुडघा गेला. आता संघ कोसळणार असं वाटावं, तर ओलँडिस गॅरी आला आणि १,१५९ यार्ड धावला. त्याच्यामागून माइक अँडरसन हा एकेकाळचा मरीन सैनिक आला, त्याने १,४८७ काढले. मग क्लिंटन पोर्टिस, १,५०८. प्रशिक्षक माइक शॅनहन आणि वाट काढणारे ते पाच पहिलवान, यांचं हे कसब होतं. हिशेबनीस म्हणू लागले, कोणीही धावेल, वाट नीट हवी.

मला हा युक्तिवाद अर्धा पटतो. गॅरी आणि अँडरसन धावले हे खरं, पण त्यांच्या वेळी डेन्व्हरने सुपर बोल जिंकला नाही, हेही खरं. आणि कोरस चांगला असला की गायक कुणीही चालतो, असं कुठलाही शाहीर म्हणणार नाही.

२०११ च्या करारनाम्याने या वादाला कुलूप लावलं. नवा खेळाडू एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी येतो. त्याचा पहिला करार चार वर्षांचा, रक्कम निवडीच्या क्रमावरून ठरलेली. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या मर्जीवर. पहिले तीन हंगाम संपेपर्यंत रक्कम वाढवून मागताच येत नाही. त्यानंतरही ‘फ्रँचायझी टॅग’ लावून संघ त्याला ठरावीक रकमेवर एकेक वर्ष अडकवू शकतो. क्वार्टरबॅकला हे चालतं, तो पस्तिशीतही खेळतो. धावणारा सत्तावीस-अठ्ठावीसचा होऊन बाजारात येतो, तेव्हा त्याची उत्तम वर्षं स्वस्तात वापरून झालेली असतात. मग संघ म्हणतो, आता गुडघे झिजले, एवढे पैसे कशाचे?

संघाचं म्हणणं खोटं नाही, हीच तर अडचण आहे. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने टॉड गर्लीला साडेचार कोटी डॉलरची हमी दिली. २०२० च्या मार्चमध्ये, गुडघ्याचं दुखणं वाढल्यावर, त्याला सोडलं. त्याचा शेवटचा हंगाम सव्विसाव्या वर्षी झाला. पिट्सबर्गचा लेव्हियॉन बेल त्याच २०१८ साली टॅग नाकारून पूर्ण हंगाम घरी बसला. सुमारे १ कोटी ४५ लाखांवर पाणी सोडलं. त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरने उत्तम काम केलं, आणि बेल पुन्हा पहिल्यासारखा धावला नाही. स्मिथचा हट्ट फळाला आला, बेलचा नाही. स्मिथ तेव्हा चोवीस वर्षांचा होता. माझ्या मते सगळा फरक त्या वयात आहे. मोठा करार आतबट्ट्याचा ठरतो तो मोठा असल्यामुळे नव्हे, उशिरा दिल्यामुळे.

आता पुन्हा मारा घराणं. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. जायंट्सचं मैदान त्याच राज्यात आहे, आणि तो त्यांचा पक्का भक्त. त्याचा लाडका सेक्वॉन बार्कली. २०१८ मध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणून पहिला करार बरा मिळाला. २०२० मध्ये गुडघा फाटला, तरी तो परत आला. २०२३ मध्ये दीर्घ करार मागितला तर टॅग लावला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याला जाऊ दिलं. तो गेला थेट वैऱ्याकडे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे. तीन वर्षांचे पावणेचार कोटी डॉलर. भाच्याचा फोन आला.

“मामू, गेला हो तो!”

मी म्हटलं, “अरे, संघाने काही हिशेब केला असेल.”

“हिशेबच केला, मामू. दुसरं काय केलं?”

जायंट्सचे मालक जॉन मारा, म्हणजे टिम मारांचे नातू. बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणं कठीण जाईल, असं ते आपल्याच माणसांना सांगताना त्या वर्षीच्या एका दूरचित्रवाणी मालिकेत दिसले. पण निर्णय हिशेबनिसांचा झाला. बार्कलीने २०२४ मध्ये २,००५ यार्ड काढले. जायंट्सने सतरापैकी तीन सामने जिंकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल घेतला. ईगल्सचे वाट काढणारे लीगमधल्या उत्तमांत गणले जात, जायंट्सचे नव्हेत. तेव्हा डेन्व्हरवाले म्हणतील, बघा, वाटच महत्त्वाची. म्हणोत. पण ती वाट ईगल्सकडे आदल्या वर्षीही होती, आणि तेव्हा ते पहिल्याच बादफेरीत गारद झाले होते. मार्च २०२५ मध्ये त्यांनी बार्कलीला वाढीव करार दिला. वर्षाला दोन कोटींच्या वर जाणारा तो पहिला धावणारा. तुलनेसाठी सांगतो, डॅलसच्या क्वार्टरबॅकला आदल्या वर्षी सहा कोटी ठरले होते.

२०२३ च्या जुलैमध्ये बार्कली, डेरिक हेन्री, निक चब अशी मंडळी संगणकाच्या पडद्यावर एकत्र जमली होती. काय करता येईल, याचा विचार करायला. निष्पन्न फारसं झालं नाही. खेळाडूंच्या संघटनेत धावणारे थोडे, आणि यांना वाढवून द्यायचं तर ते आपल्याच सोबत्यांच्या वाट्यातून. क्लीव्हलंडचा चब नंतर म्हणाला, की चांगलं काम केल्याने नुकसान होतं अशी आमचीच एक जागा आहे. दोन महिन्यांनी, १८ सप्टेंबरला, पिट्सबर्गच्या मैदानावर त्याचा गुडघा असा मोडला, की दूरचित्रवाणीने ते दृश्य पुन्हा दाखवलं नाही. पुढच्या वर्षी त्याचा पगार कमी करण्यात आला.

संघटना आणि मालक यांच्यातला करारनामा २०२० साली नव्याने झाला. चार वर्षांचा पहिला करार त्यात तसाच राहिला, टॅगही राहिला. त्याची मुदत २०३० च्या हंगामापर्यंत आहे.